कंप सर्वांनी पाहिला, घास पार्किन्सन यांनी

दरवर्षी ११ एप्रिल रोजी जागतिक पार्किन्सन्स दिन पाळला जातो. १९९७ साली सुरू झालेल्या या दिवसासाठी ही तारीख निवडली गेली, कारण तो जेम्स पार्किन्सन या ब्रिटिश डॉक्टरांचा जन्मदिवस. आजाराचे नाव घरोघरी पोहोचले, माणूस मात्र मागेच राहिला. कंपवात म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर थरथरणारा हात येतो. पण ज्या घरात हा आजार दहा-बारा वर्षे मुक्कामाला आहे, तेथील माणसे हातापेक्षा जेवणाविषयी अधिक बोलतात. चहाच्या घोटाबरोबर लागणारा ठसका, तासभर रेंगाळणारे ताट, उशीवरचा लाळेचा डाग, गालात तसाच साठून राहिलेला भात. या साऱ्या तक्रारी दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमधील एका छोट्या पुस्तिकेत नोंदवल्या गेल्या होत्या आणि त्या नोंदवणारा माणूस कोणी नामांकित प्राध्यापक नव्हता. तो एका गरीब वस्तीतला साधा डॉक्टर होता.

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या वेशीवरील हॉक्स्टन येथे झाला. वडील जॉन पार्किन्सन हे तेथील अॅपोथेकरी आणि शल्यचिकित्सक होते. अॅपोथेकरी म्हणजे औषधे कुटणारा, विकणारा आणि रुग्णही तपासणारा माणूस. हॉक्स्टन चौकातील १ क्रमांकाच्या घरात राहणे आणि दवाखाना दोन्ही होते. जेम्स यांनी वडिलांच्याच हाताखाली उमेदवारी केली. १७७६ साली त्यांनी लंडन हॉस्पिटलमध्ये सहा महिने जखमांच्या मलमपट्टीचे काम केले. पुढच्याच वर्षी गळफास घेतलेल्या एका माणसाला त्यांनी पुन्हा शुद्धीवर आणले आणि त्याबद्दल रॉयल ह्यूमेन सोसायटीचे रौप्यपदक मिळवले. १७८४ साली त्यांना शल्यचिकित्सकाची सनद मिळाली. वडिलांचे निधनही त्याच वर्षी झाले आणि दवाखाना जेम्स यांच्याकडे आला. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी हॉक्स्टन आणि शोरडिचचा परिसर सोडला नाही.

या काळातील एक गोष्ट पुढे फार उपयोगी ठरली. १७८५ साली ते जॉन हंटर या विख्यात शल्यचिकित्सकाच्या व्याख्यानांना जात असत. पार्किन्सन यांना लघुलिपी येत होती आणि ती प्रत्येक डॉक्टरने शिकावी असे त्यांचे मत होते. त्यांनी ही व्याख्याने लघुलिपीत टिपून ठेवली. ती टिपणे त्यांच्या मुलाने १८३३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. जे दिसले, जे ऐकले ते लगेच आणि नेमके उतरवून घ्यायचे ही सवय त्यांना लागली ती अशी. त्यांची सारी कीर्ती या एका सवयीवर उभी आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

मात्र त्यांच्या समकालीनांना ते प्रथम माहीत झाले ते राजकारणामुळे. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली होती आणि इंग्लंडमध्ये मतदानाचा हक्क मूठभर मालदारांपुरता होता. पार्किन्सन हे संसदीय सुधारणांसाठी झटणाऱ्या लंडन कॉरस्पाँडिंग सोसायटीचे सभासद झाले. 'ओल्ड ह्यूबर्ट' या टोपणनावाने त्यांनी जळजळीत पत्रके लिहिली. गरिबांवरील करांचा बोजा, वाढती महागाई, कर्जापायी तुरुंगात खितपत पडलेली माणसे असे त्यांचे विषय असत. १७९४ साली त्यांच्या काही सहकाऱ्यांवर तिसऱ्या जॉर्ज राजाच्या खुनाच्या कटाचा आरोप ठेवण्यात आला. नाट्यगृहात बसलेल्या राजावर हवेच्या बंदुकीतून विषारी बाण सोडायचा, असा तो कथित कट होता. इतिहासात तो 'पॉपगन प्लॉट' म्हणून नोंदला गेला. पार्किन्सन यांची प्रिव्ही कौन्सिलपुढे चौकशी झाली आणि पंतप्रधान विल्यम पिट तेथे हजर होते. स्वतःलाच अडकवणारी उत्तरे देण्याची सक्ती होणार नाही, हे स्पष्ट करून घेतल्यावरच पार्किन्सन यांनी जबानी दिली. ओल्ड ह्यूबर्ट म्हणजे आपणच, हेही त्यांनी मान्य केले. सरकारचा हा खटला पुढे टिकला नाही. घरी बायको-मुले आणि चालता दवाखाना असताना एका वस्तीतल्या डॉक्टरने हे धाडस केले, याचे आज नवल वाटते.

यानंतर मात्र त्यांची लेखणी वैद्यकाकडे आणि विज्ञानाकडे वळली. सामान्य कुटुंबांसाठी घरगुती वैद्यकाची पुस्तके, रसायनशास्त्राचे खिशात मावेल असे पुस्तक, वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन, मुलांना धोकादायक खेळांपासून सावध करणारी पुस्तिका असे त्यांचे लेखन १७९९-१८०० च्या सुमारास एकामागून एक प्रसिद्ध झाले. १८०५ साली त्यांनी गाऊट या सांधेदुखीवर पुस्तक लिहिले. त्या दुखण्याने ते स्वतः आणि त्यांचे वडीलही बेजार होते. १८१२ साली त्यांचे चिरंजीव जॉन यांनी आंत्रपुच्छ फुटून दगावलेल्या एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. इंग्रजी वैद्यकातील या प्रकारच्या आरंभीच्या नोंदींमध्ये ती गणली जाते.

आणि जीवाश्म! रुग्णांच्या रगाड्यातून वेळ काढून हा माणूस दगडांत अडकलेले शिंपले, हाडे आणि वनस्पती गोळा करीत असे. लुप्त झालेल्या जीवसृष्टीवरील त्यांचा तीन खंडांचा सचित्र ग्रंथ १८०४, १८०८ आणि १८११ साली प्रसिद्ध झाला. १८०७ मध्ये लंडनच्या एका खानावळीत जिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, तिच्या १३ संस्थापकांत हम्फ्री डेव्ही यांच्या बरोबरीने पार्किन्सन होते. एका अॅमोनाइट जीवाश्माच्या कुळाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या हयातीत त्यांना जो काही मान मिळाला तो या ग्रंथामुळे. कंपवाताचा त्यात काहीच भाग नव्हता.

वयाच्या ६२ व्या वर्षी, १८१७ साली, त्यांनी 'थरथरत्या पक्षाघातावरील निबंध' प्रसिद्ध केला. जेमतेम ६६ पानांच्या या पुस्तिकेत फक्त सहा रुग्णांच्या हकीकती आहेत. त्यांतील तिघे त्यांनी तपासले होते. दोघे रस्त्यात भेटले, त्यांना थांबवून त्यांनी विचारपूस केली. एकाला तर केवळ दुरून पाहिले. पहिला रुग्ण पन्नाशी ओलांडलेला माळी. दुसरा पोलीस कचेरीतला ६२ वर्षांचा माणूस, पायाच्या चवड्यांवर चालणारा आणि काठी नसती तर पावलागणिक पडला असता असा. आपला आजार बरा होणारा नाही याची त्याला इतकी खात्री होती की त्याने उपचारच नाकारले. तिसरा जुना खलाशी, स्पेनच्या तुरुंगात महिनोन्‌महिने ओल्या जमिनीवर झोपावे लागल्याने आजार जडला असे मानणारा. दुरून पाहिलेल्या पाचव्याची कथा चटका लावणारी आहे. त्याचा सोबती समोर उभा राहून त्याच्या खांद्यांवर हात ठेवी, तोल सावरेपर्यंत त्याला हलकेच झुलवी आणि मग तो माणूस धावतच सुटे. सोबती त्याच्यासमोरून बाजूला सरून पुढे धावत असे.

पुस्तिकेचा खरा कस लागतो तो आजाराच्या उत्तरार्धाच्या वर्णनात. पार्किन्सन यांनी कंप, पुढे झुकलेले शरीर आणि अनावर धाव यांवर थांबण्याचे कारण नव्हते, तेवढे इतरांनीही तुटक तुटक पाहिलेले होते. ते पुढे जाऊन रुग्णाच्या तोंडात डोकावले. बोलणे अस्पष्ट होत जाते, रुग्णाला स्वतःच्या हाताने जेवता येत नाही आणि दुसऱ्याने भरवले तरी जीभ व घशाचे स्नायू नीट साथ देत नसल्याने घास चावून होईपर्यंत तोंडात धरून ठेवणे अवघड जाते, गिळणेही तितकेच अवघड, असे ते लिहितात. लाळेविषयीचे त्यांचे निरीक्षण तर थक्क करणारे आहे. लाळ घशाच्या मागच्या बाजूला ढकलली जात नाही, म्हणून ती तोंडातून सतत गळते आणि तिच्याबरोबर अन्नाचे कणही बाहेर येतात, हे कारण त्यांनी त्या काळी मांडले. अखेरच्या अवस्थेत हनुवटी छातीला टेकलेली असते आणि भरवलेली पातळ पेजही ओठांतून ओघळत राहते, इथपर्यंत त्यांनी रुग्णाची सोबत केली आहे. बुद्धी आणि संवेदना मात्र शाबूत राहतात असे त्यांना वाटले. यात ते पूर्णतः बरोबर नव्हते. अनेक रुग्णांत स्मृती आणि विचारशक्तीवरही परिणाम होतो, हे पुढे स्पष्ट झाले.

लाळ जास्त तयार होते म्हणून गळते, असा समज आजही अनेक घरांत आढळतो. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती आपण नकळत गिळत असतो. पार्किन्सन्समध्ये हे नकळत गिळणेच मंदावते. डोळ्यांची उघडझाप कमी होते, चालताना हात हलेनासे होतात, त्याच जातीची ही गोष्ट आहे. मान झुकलेली आणि ओठ किंचित उघडे असल्याने साठलेली लाळ बाहेर वाहते. म्हणूनच मुद्दाम आठवण ठेवून गिळणे, त्यासाठी च्युइंगम चघळणे किंवा साखरविरहित गोळी चोखणे अशा साध्या उपायांचाही काहींना लाभ होतो. अर्थात, ज्यांना ठसका लागतो त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून हे करू नये. त्यापुढचा उपाय म्हणजे लाळग्रंथींमध्ये बोट्युलिनम टॉक्सिनची सुई. तिचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो आणि अमेरिकेत २०१८ साली या कारणासाठी तिला मान्यता मिळाली.

पार्किन्सन यांनी सुचवलेले उपचार मात्र आज वाचवत नाहीत. मानेच्या मागून रक्त काढायचे, त्वचेवर फोड उठवायचे आणि ती जखम वाहती ठेवायची, असा त्यांचा सल्ला होता. त्यामागचा तर्क पाहण्याजोगा आहे. मूळ बिघाड मानेतील मज्जारज्जूत असावा आणि तो वर लंबमज्जेपर्यंत सरकत असावा, असे त्यांचे अनुमान होते. बोलणे, चावणे आणि गिळणे बिघडते हाच लंबमज्जेबाबतचा त्यांचा पुरावा. शवविच्छेदनाची संधी मिळालेली नाही, हा केवळ तर्क आहे, हे त्यांनी प्रांजळपणे सांगून टाकले. पुढे विसाव्या शतकात मध्यमेंदूतील कृष्णद्रव्य नावाचा भाग दोषी ठरला आणि लंबमज्जेची कल्पना मागे पडली. पण २००३ साली जर्मन शास्त्रज्ञ हाइको ब्राक आणि सहकाऱ्यांनी मांडले की, अनेक रुग्णांत मेंदूतील बदलांची सुरुवात लंबमज्जेतील व्हेगस मज्जातंतूच्या केंद्रापाशी होते. या मांडणीवर मतभेद आहेत. तरीही हॉक्स्टनच्या डॉक्टरांचा बाण अगदीच हवेत गेला नव्हता, असे म्हणायला जागा उरते.

आजाराला त्यांचे नाव मिळाले ते त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे अर्धशतकाने. पॅरिसचे ज्याँ-मार्तँ शार्को यांनी दाखवून दिले की, या रुग्णांत खरा पक्षाघात नसतो आणि कंप तर प्रत्येकात असतोच असे नाही. तेव्हा 'थरथरता पक्षाघात' हे नावच चुकीचे ठरले आणि शार्को यांनी पार्किन्सन यांचे नाव सुचवले. शार्को यांच्या काळी धोतरा-बेलाडोनाच्या वर्गातील वनस्पतींची द्रव्ये या रुग्णांना दिली जात. त्यांनी तोंड कोरडे पडून लाळ आटते. त्याच जातीची औषधे आजही कधी वापरली जातात, पण ज्येष्ठांमध्ये त्यांनी भ्रम आणि विस्मरण वाढू शकते, म्हणून ती जपूनच दिली जातात.

१९६० साली मेंदूतील डोपामिनची उणीव सिद्ध झाली आणि दशकअखेरपर्यंत लेव्होडोपा हे औषध रूढ झाले. याच लेव्होडोपाचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. खाजकुइलीच्या बियांत हे द्रव्य असल्याचे मद्रासच्या संशोधकांनी १९३७ साली दाखवले होते. आपल्याकडे कंपवाताच्या जुन्या उपचारांत या बियांना स्थान होते. मात्र गोळ्या चालू असताना परस्पर बियांचे चूर्ण घेणे म्हणजे औषधाचा डोस आपल्याच हाताने बिघडवणे होय.

लेव्होडोपाने चालणे जितके सुधारते तितके गिळणे सुधारेलच असे नाही, आणि हीच गोष्ट घरच्यांना उशिरा कळते. तरीही वेळेचे गणित महत्त्वाचे आहे. गोळी जेवणाआधी साधारण अर्धा ते एक तास घेतली आणि तिचा अंमल असताना ताट वाढले, तर घास सुकर जातो. खूप प्रथिनांचे जेवण गोळीच्या शोषणात अडथळा आणते. गोळी अन्ननलिकेत अडकू नये म्हणून ती ताठ बसून घ्यावी लागते, आणि हळूहळू विरघळणारी गोळी कधीही कुटून देऊ नये.

पार्किन्सन यांच्या नजरेतून एक धोका मात्र सुटला; तो डोळ्यांना दिसणाराच नाही. अन्नाचा कण किंवा पाण्याचा घोट श्वासनलिकेत उतरतो आणि रुग्णाला ठसकाही लागत नाही, कारण घशाची जाणीव आणि खोकल्याची ताकद दोन्ही मंदावलेली असतात. त्यातून न्यूमोनिया होतो, आणि या आजाराच्या रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत तो आहे. वजन उतरणे, जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता येणे, वारंवार बारीक ताप येणे या खुणा दिसल्या तर बेरियम मिसळलेले पदार्थ गिळताना क्ष-किरणांनी चित्रण करणारी तपासणी किंवा नाकावाटे दुर्बिणीने घसा पाहण्याची तपासणी करून घेता येते. अशा तपासणीनंतर वाचा-उपचारतज्ज्ञ कोणी काय, कसे आणि कोणत्या स्थितीत बसून खावे ते ठरवतात. हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याची युक्ती कित्येकांना उपयोगी पडते, पण प्रत्येकाला नाही. पाणी दाट करून दिल्याने ठसका कमी होतो. परंतु ते इतके बेचव लागते की माणूस पाणी पिणेच सोडतो, आणि मग निर्जलीकरणाचे नवे दुखणे उभे राहते. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर कोरडे, भुरभुरणारे चुरमुरे आणि शेव, तसेच पातळ आमटीत पोहणारी भाताची शिते, म्हणजे द्रव व घन एकत्र असलेले पदार्थ, सर्वांत त्रासदायक. मऊ खिचडी किंवा दाटसर लापशी त्या मानाने सोपी. जोराने श्वास सोडण्याच्या उपकरणाने खोकल्याचे स्नायू बळकट करणे आणि मोठ्या आवाजात बोलण्याचे नेमाने व्यायाम करणे यांचाही उपयोग दिसून आला आहे. जेवणानंतर तोंडात कण राहतात, हे १८१७ सालचे निरीक्षण दातांच्या दृष्टीने आजही तितकेच मोलाचे आहे. चुळा भरणे, जाड मुठीचा किंवा विजेवर चालणारा ब्रश वापरणे, सैल झालेली कवळी वेळीच बदलून घेणे या गोष्टींकडे आधी लक्ष दिले, तर पुढची पुष्कळ दुखणी टळतात. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात, हे त्यामागचे कारण.

स्वतः पार्किन्सन या निबंधानंतर पुन्हा आपल्या वस्तीच्या कामाला लागले. गरीबगृहातील तापाच्या साथी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. १८१८ साली त्यांनी प्रत्येक पॅरिशमध्ये तापाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष असावा, असा आग्रह धरणारे लेखन प्रसिद्ध केले. १८२२ साली त्यांचे जीवाश्मांवरील आणखी एक पुस्तक आले. मेगॅलोसॉरस हे पुढे डायनोसॉर ठरलेल्या प्राण्याचे नाव त्यात आढळते. रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने १८२३ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले, तेही जीवाश्मांच्या ग्रंथासाठी. तरुणपणी त्यांना भेटलेल्या गिडियन मँटेल या भूगर्भशास्त्रज्ञाने त्यांच्याविषयी लिहून ठेवले आहे. बेताची उंची, प्रसन्न चेहरा, सौम्य आणि अगत्यशील वागणे, हातचे न राखता माहिती देण्याची वृत्ती असे ते वर्णन आहे. त्यांच्या रूपाची आपल्याकडे उरलेली कल्पना एवढीच, कारण त्यांचे एकही अस्सल चित्र उपलब्ध नाही. इंटरनेटवर त्यांचे म्हणून फिरणारे दाढीवाल्या गृहस्थांचे छायाचित्र त्यांचे असूच शकत नाही. कॅमेऱ्याने टिपलेले आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र त्यांच्या मृत्यूनंतरचे आहे.

डिसेंबर १८२४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. रुग्णांच्या अडखळत्या शब्दांची इतकी बारकाईने नोंद घेणाऱ्या या डॉक्टरांची वाचा त्यात गेली आणि २१ डिसेंबर रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या शोरडिचच्या सेंट लिओनार्ड चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला होता, तेथेच त्यांचे दफन झाले. दवाखाना मुलाकडे गेला. जन्मभर जमवलेले जीवाश्म पत्नीच्या वाट्याला आले. १८२७ साली ते विकले गेले आणि ठिकठिकाणी विखुरले.